तांबड्यावर तांबडे : छोट्या वाघिणी रंगवण्याची विद्या

रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्याच्या हाती येणारी छोटी वाघीण नवी, चकचकीत आणि एकरंगी असते, आणि खऱ्या मालगाडीने सोसलेले ऊन, पाऊस, धूळ व गंज तिच्या अंगावर दिसू लागेपर्यंत ती खेळण्याच्या पातळीवरच राहते. हा वापर रंगाने दाखवण्याच्या कामाला छंदाच्या जगात ‘वेदरिंग’ म्हणतात. इंजिनाच्या प्रतिकृतीत आकार, चाकांची मांडणी आणि हालचाल यांकडे लक्ष वेधले जाते; वाघीण किंवा कंटेनर यांचा आकार मात्र चौकोनी पेटीपलीकडे फारसा जात नसल्यामुळे त्यांचे सारे चरित्र पृष्ठभागावरच लिहिलेले असते, आणि म्हणून वेदरिंगची खरी परीक्षा मालगाडीच्या प्रतिकृतीतच होते.

या छंदाचे मोजमाप आधी समजून घ्यावे लागते. जगात सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण ‘एचओ’ असून त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी केली जाते. भारतीय रेल्वेची उघडी ‘बॉक्सएन’ वाघीण, म्हणजे कोळसा व खनिज वाहणारी आठ चाकांची वाघीण, एका कपलिंगपासून दुसऱ्यापर्यंत सुमारे १०.७ मीटर लांब असते. एचओ प्रमाणात ती साधारण १२३ मिलिमीटर भरते. रुळांचे गणित मात्र इतके सरळ जुळत नाही. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात आणि ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी रुळांसाठी ठरवलेले आहेत, तर भारतीय ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचा असल्याने त्याला एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर रुंदी लागते. बहुतेक हौशी लोक ही तडजोड मान्य करून तयार रुळांवरच भारतीय गाड्या चालवतात.

मराठी वाचकाला हे जग प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पुण्यातील कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय हे सर्वांत जवळचे ठिकाण आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते खुले झाले. तेथील गाड्या, सिग्नल, पूल आणि वस्त्या यांची रचना पाहताना एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासातून केवढे काम उभे राहते याची कल्पना येते, आणि महाराष्ट्रात या छंदाविषयी जी ओळख निर्माण झाली तिचे मोठे श्रेय या एका संग्रहालयाला द्यावे लागते. तरीही भारतातील छंदाची एक अडचण कायम राहते. रंग, पुस्तके आणि नमुने बहुतांशी परदेशांतून येतात, त्यामुळे वेदरिंगही परदेशी छायाचित्रे पाहून केले जाते, आणि परिणामी बेळगावच्या दक्षिणेकडील लोंढ्याच्या यार्डातील म्हणून रंगवलेली वाघीण अमेरिकेतल्या ओहायोतील वाटते.

हा फरक का पडतो ते बेळगावच्या आसपासच्या भूगोलात स्पष्ट दिसते. शहराच्या पश्चिमेला बेळगुंदी, राकसकोप या बाजूला जमीन तांबडी होत जाते आणि दक्षिणेला खानापूर ओलांडून लोंढ्यापर्यंत जांभा दगड व त्याची माती रुळांना सोबत करते. उलट घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची अशा क्रमाने मिरजेकडे जाताना काळी माती सुरू होते. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने त्याच दशकात हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, बांधला. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकला आणि तेथून घाट उतरून मुरगाव बंदराला जातो. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यात ३७ मीटर अंतरामागे एक मीटर इतका तीव्र चढ असल्यामुळे हा भारतीय रेल्वेच्या अवघड घाटांपैकी एक मानला जातो. बळ्ळारी-होसपेटे भागातील लोहखनिज बंदराकडे आणि बंदरात उतरलेला कोळसा तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे अशी दुहेरी वाहतूक या घाटाने पाहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये बळ्ळारीतील खाणी थांबल्यानंतर खनिजाचा ओघ आटला आणि कोळशाची चढती वाहतूक ठळक झाली.

आता या मार्गावरची एक वाघीण रंगवायची असे ठरवले की चार तांबड्या छटा एकमेकींवर येऊन बसतात. वाघिणीचा मूळ रंग रेड ऑक्साइडच्या घराण्यातला तपकिरी-तांबडा. त्यावर खनिजाची जांभळट तांबडी भुकटी. त्यावर जांभ्याच्या मातीची नारिंगी झाक असलेली धूळ. आणि जिथे रंग खरवडला गेला तिथे गंज. रसायनाच्या दृष्टीने या चारही छटा लोहाच्या ऑक्साइडच्याच आहेत, आणि म्हणून निष्काळजी हाताने रंगवलेल्या प्रतिकृतीत त्या एकमेकींत विरघळून सगळी वाघीण एकाच विटकरी रंगाची दिसते. निळ्या किंवा हिरव्या वाघिणीवर गंज दाखवणे सोपे आहे, कारण विरोधी रंग आपोआप काम करतो. तांबड्यावर तांबडे दाखवताना मात्र रंग कोणता यापेक्षा तो कुठे आहे, किती जाड आहे आणि त्याची कड कशी आहे यावर सारे ठरते. सीमाभागातील, कोकणातील आणि गोव्यातील मालगाडी रंगवणाऱ्याने आत्मसात करण्याजोगी मुख्य विद्या हीच आहे.

या छटा वेगळ्या करण्याची किल्ली त्यांच्या कारणात सापडते. धूळ वरून बसते आणि चाकांमुळे खालून उडते, त्यामुळे ती आडव्या कडांवर, बाजूच्या उभ्या फासळ्यांच्या पायथ्याशी आणि खालच्या तिसऱ्या भागात जमते, व तिची कड नेहमी पुसट असते. खनिजाची भुकटी भरताना वरच्या काठावरून ओघळते, म्हणून ती वरून खाली विरत जाते. गंज मात्र पाणी जिथे थांबते तिथे सुरू होतो: दारांच्या खालच्या कडा, वेल्डिंगच्या रेषा, फासळी आणि पत्रा यांचा सांधा, पोकलेनच्या बादलीचा मार लागून पोचा आलेली जागा. त्याची कड तीक्ष्ण असते, त्याच्याभोवती रंगाचा पापुद्रा उचललेला असतो आणि त्याच्यापासून पावसाच्या पाण्याबरोबर खाली एक बारीक ओघळ उतरतो. वाघिणीच्या आतील बाजूला तर रंग जवळजवळ उरतच नाही. कोळशाचे तुकडे घासून पत्रा उघडा पडतो, आणि ओल्या कोळशातील गंधकामुळे पाणी आम्लधर्मी होऊन गंजाला जोर येतो. बाहेरून जेमतेम मळलेली वाघीण आतून पूर्ण गंजलेली दाखवणे म्हणूनच योग्य असते. नंतरच्या ‘बॉक्सएनएचएल’ वाघिणींची पेटी स्टेनलेस प्रकारच्या पोलादाची असल्यामुळे तिच्यावर खोल गंज दाखवला तर तो जाणकाराला लगेच खटकतो; तिथे मळ आणि धूळ पुरेशी असते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातील प्रत्येक पायरीमागे कारण आहे. प्लास्टिकची वाघीण सौम्य साबणाने धुऊन साच्याचा तेलकटपणा काढतात, मग प्रायमर, म्हणजे पुढचा रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, देतात. मूळ रंग शक्यतो एअरब्रशने, म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचा अतिसूक्ष्म फवारा उडवणाऱ्या लेखणीएवढ्या साधनाने, अनेक पातळ थरांत बसवतात; रंग दुधाइतका पातळ करून आणि हवेचा दाब साधारण १५ ते २५ पीएसआय ठेवून काम केले तर बारीक रिवेट बुजत नाहीत. येथे प्रमाणाचा हिशेब विसरून चालत नाही. एचओमध्ये रंगाचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या वाघिणीवर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा लेप होय. छटेलाही हाच नियम लागतो. ३० सेंटिमीटरवरून पाहिलेली प्रतिकृती २६ मीटरवरून पाहिलेल्या खऱ्या वाघिणीएवढी दिसते, आणि इतक्या अंतरावरून हवेमुळे रंग थोडा फिका भासतो. म्हणून खऱ्या वाघिणीचा रंग जसाच्या तसा न वापरता त्यात पांढरट राखाडीचा अंश मिसळतात.

यानंतर अक्षरे येतात. भारतीय वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक असतो: पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा अंक पडताळणीचा. ही अक्षरे ‘डिकॅल’च्या, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवण्याच्या पातळ छापील पापुद्र्याच्या, रूपात लावतात. खरबरीत पृष्ठभागावर त्याखाली हवा अडकून चंदेरी झाक येते, यासाठी आधी चकचकीत वार्निश आणि नंतर संरक्षणासाठी पुन्हा एक थर दिला जातो. क्रमांकातील वर्ष हे वेदरिंग करणाऱ्यासाठी फार मोलाचे असते, कारण वाघिणीचे वय तेच सांगते. त्याच्या जोडीला कार्यशाळेतील मोठ्या दुरुस्तीची तारीखही पेटीवर लिहिलेली असते. पंधरा वर्षांची वाघीण नुकतीच दुरुस्तीहून परतली असेल तर ती तिच्यापेक्षा लहान वाघिणीहून नवी दिसते. बॉक्सएनच्या एका गाडीत सुमारे ५८ वाघिणी असतात आणि त्या देशभरातून फिरत आलेल्या असतात, त्यामुळे सर्व वाघिणींना सारखाच मळ लावणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक ठरते.

रंग आणि अक्षरे वाळल्यावर ‘वॉश’ दिला जातो. टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिटमध्ये तैलरंग अगदी पातळ करून तो पृष्ठभागावर सोडला की खाचांत, सांध्यांत आणि रिवेटांभोवती आपोआप साचतो. अर्ध्या तासाने स्वच्छ ब्रश वरून खाली ओढला की उरलेला रंग ओघळांचे रूप घेतो. खालचा थर ॲक्रिलिकचा आणि वरचा तैलरंगाचा असल्यामुळे वरचा पुसताना खालचा बिघडत नाही, आणि चुकलेला ओघळ पूर्ण काढून टाकता येतो. यासाठी महागडे आयात रंग लागत नाहीत. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरुवात केलेल्या कॅमलिनचे तैलरंग आणि खडू गावोगावच्या दुकानांत मिळतात. बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, काळा आणि पांढरा एवढ्या चार नळ्यांवर बरेचसे काम निभावते.

सोललेला रंग दाखवण्याची एक पद्धत विशेष लक्ष देण्यासारखी आहे. आधी सर्व पेटीला गंजाचा रंग देऊन तो वार्निशने पक्का करतात, त्यावर केसांवर मारण्याच्या स्प्रेचे दोन हलके थर देतात आणि वरून वाघिणीचा मूळ ॲक्रिलिक रंग फवारतात. हा रंग पूर्ण कडक होण्याआधी थोडे पाणी लावून ताठ ब्रशने घासले की मधला स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पापुद्र्यांनी सुटून खालचा गंज उघडा पडतो. येथे गंज वरून चितारलेला नसून खरोखरच रंगाखालून प्रकटलेला असतो, म्हणूनच तांबड्यावर तांबड्याच्या कोड्यात ही पद्धत सर्वाधिक उपयोगी पडते: छटा जवळच्या असल्या तरी कडेची किंचित उंची डोळ्याला जाणवते.

धुळीचे काम शेवटी कोरड्या भुकटीने होते. मऊ खडू घासून किंवा गेरू खलात बारीक करून ही भुकटी तयार करतात, आणि बेळगुंदीच्या बाजूची माती उन्हात वाळवून, खलून, मलमलीतून दोन-तीनदा चाळली तर तीही उत्तम चालते. चाळणे अपरिहार्य आहे, कारण एक दशांश मिलिमीटरचा कण एचओ प्रमाणात नऊ मिलिमीटरचा खडा होतो. मऊ ब्रशने भुकटी बसवून वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला की ती पृष्ठभागाला धरते. खऱ्या प्रदेशाची माती त्याच प्रदेशाच्या प्रतिकृतीवर असणे यात केवळ भावनेचा भाग नाही. त्या मातीची नारिंगी झाक तयार रंगाच्या बाटलीतून जुळवणे खरोखर कठीण असते.

चाकांकडे आणि सांगाड्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. रुळावर फिरणारा चाकाचा पट्टा नेहमी चकाकतो, बाकी चाक मात्र काळपट तपकिरी असते. मीटर गेजच्या काळात ओतीव लोखंडाचे ब्रेक ठोकळे घासून उडणारी लोखंडाची पूड सांगाड्यावर बसून गंजत असे आणि सारा खालचा भाग तांबूस होत असे. आजच्या संमिश्र ठोकळ्यांची पूड काळसर राखाडी असते. म्हणजे केवळ सांगाड्याच्या रंगावरून प्रतिकृती कोणत्या काळातली आहे हे सांगता येते. टाकीच्या वाघिणीवर वरच्या तोंडापासून पोटावरून उतरलेले काळे, किंचित चकाकणारे डाग असतात आणि ते सोडून बाकी पृष्ठभाग निस्तेज असतो. सिमेंट किंवा साखर वाहणाऱ्या बंद वाघिणीवर खुणा दाराभोवतीच गोळा होतात.

कंटेनरचे शास्त्र वेगळे आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या घेऊन नेवार्क ते ह्यूस्टन हा प्रवास केला, तेथून आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात मानतात. भारतात १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. वीस फुटी कंटेनर एचओमध्ये सुमारे ७० मिलिमीटर लांब होतो. त्याचा पत्रा बहुधा ‘कॉर्टेन’ पोलादाचा असतो, ज्यावर गंजाचा पहिला थर घट्ट चिकटून पुढच्या गंजाला बराच आवर घालतो. त्यामुळे कंटेनरवरचा गंज वाघिणीवरच्या गंजापेक्षा गडद, जवळजवळ चॉकलेटी असतो. क्रेनची पकड बसते ते कोपरे सर्वांत आधी उघडे पडतात. त्यानंतर खालची लांब कड, शेजारच्या पेटीने घासलेल्या लाटदार पत्र्याचे उंचवटे आणि छतावर पाणी साचणारे पोचे यांची पाळी येते. समुद्रावरच्या उन्हाने निळा आणि लाल रंग खडूसारखा पांढुरका होतो. मालक बदलला की जुन्या नावावर रंगाचे चौकोनी ठिगळ मारले जाते, आणि असे एखादे न जुळणारे ठिगळ रंगवल्याने प्रतिकृतीला जेवढा खरेपणा येतो तेवढा दहा गंजाच्या डागांनी येत नाही. तीन अक्षरांचा मालक-संकेत, त्यापुढचे ‘यू’ हे अक्षर, सहा अंकी क्रमांक आणि चौकटीतला पडताळणी अंक हे सर्व मात्र वाचता येईल असेच ठेवावे लागते, कारण ज्या कंटेनरचा क्रमांक वाचता येत नाही तो बंदरात पुढे सरकत नाही.

बेळगाव भागात या कामाचा हंगामही हवा ठरवते. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेत लॅकर किंवा वार्निश फवारले तर द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि थर दुधाळ पडतो. त्यामुळे फवारणीची कामे उन्हाळ्यात उरकून पावसाळा तैलरंगाच्या व भुकटीच्या कामासाठी राखणे शहाणपणाचे असते. फवारताना योग्य मास्क आणि खेळती हवा ही अट सर्व ऋतूंत सारखी आहे. कौशल्याची येथे वाण नाही. गणेशमूर्तींवर एअरब्रश चालवणारे हात गल्लोगल्ली आहेत, आणि उद्यमबाग व मच्छे येथील कारखान्यांत धातू ओतणे, घासणे, गंजापासून वाचवणे हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांना गंजाचा स्वभाव पुस्तकातून शिकावा लागत नाही.

वेदरिंगला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन (१९१३-१९७३) यांचे नाव अग्रभागी आहे. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते, आणि त्यांच्या ‘गोरी अँड डिफीटेड’ या काल्पनिक रेल्वेवरील मळलेल्या गाड्यांच्या छायाचित्रांनी एका पिढीची दृष्टी बदलली. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत ती रचना आगीत नष्ट झाली. आज ती केवळ छायाचित्रांमुळे ज्ञात आहे.

आपल्याकडील मीटर गेजची स्थिती याहून फार वेगळी नाही. १९९० च्या दशकात मिरज-लोंढा आणि लोंढा-वास्को मार्ग ब्रॉड गेज झाले आणि शंभर वर्षे या तांबड्या मातीतून धावलेल्या छोट्या वाघिणी दिसेनाशा झाल्या. इंजिनांची छायाचित्रे लोकांनी हौसेने काढली. वाघिणींकडे कोणी पाहिले नाही, आणि त्यांच्या अंगावरचा मळ तर नोंदवण्याजोगी गोष्ट कोणालाच वाटली नाही. त्या वाघिणींची प्रामाणिक प्रतिकृती आज करायची तर कुटुंबांच्या जुन्या अल्बममध्ये, स्टेशनवरच्या निरोपाच्या छायाचित्रांत मागे उभ्या राहिलेल्या मालगाडीचाच आधार आहे. बेळगाव, खानापूर, लोंढा आणि मिरज भागात ज्यांच्या घरी अशी रंगीत छायाचित्रे असतील त्यांनी त्यामागे ठिकाण व वर्ष लिहून ठेवावे, आणि त्यांची एक प्रत २०२० मध्ये सुरू झालेल्या हुबळीच्या रेल्वे संग्रहालयाला किंवा परिसरातील एखाद्या प्रतिकृतिकाराला द्यावी.